जुन्या स्पोर्ट्स कार किती उरल्या, हे मोजतं कोण?

पणजीत जुन्या गाड्यांची फेरी निघाली की बॉनेट उघडून उभ्या असलेल्या एखाद्या मालकाकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘अशा आता जगात जेमतेम तीसच उरल्यात.’ पुढच्या गाडीपाशी आकडा बारा असतो, तिच्या पुढे ‘भारतात एकच’. ऐकणारे मान डोलावतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. हा आकडा कुणी मोजला, कधी मोजला आणि मोजताना ‘गाडी’ नेमकं कशाला म्हटलं, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलं तर मालकही अडखळेल, कारण बहुतेक वेळा तोही आकडा गाडीबरोबरच आधीच्या मालकाकडून आलेला असतो.

यातला अर्धा प्रश्न तसा सोपा आहे: मुळात बनल्या किती? कारखान्याच्या वह्या शाबूत असतील तर उत्तर मिळतं. पंखासारखी वर उघडणारी दारं असलेली मर्सिडीज 300 एसएल 1954 ते 1957 या काळात 1,400 बनली, त्यातल्या 29 ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या. जॅग्वार ई-टाइप 1961 पासून सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत 72 हजारांहून जास्त बनल्या. एमजीबी तर 1962 ते 1980 मध्ये पाच लाखांच्या वर गेली. या वह्यांमध्ये गाडीची ओळख म्हणजे चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा, नंबर. आरटीओचा नंबर नव्हे. तो बदलतो. पोर्तुगीज काळात मुरगाव बंदरात उतरलेल्या एखाद्या युरोपीय गाडीचंच बघा. मुक्तीनंतर तिला नवा नंबर मिळाला, गोवा, दमण आणि दीव एकत्र असतानाच्या ‘जीडी’ मालिकेतला. उद्या ती सिंधुदुर्गातल्या कुणाला विकली तर वर्षभरानंतर ‘एमएच’ नंबर घ्यावा लागेल. नंबरप्लेटवरून मोजणाऱ्याला या तीन गाड्या वाटतील. चासीवर ठोकलेला आकडा मात्र पहिल्या दिवसापासून तोच.

दुसरा अर्धा प्रश्न, म्हणजे उरल्या किती, हा खरा चिवट. त्याची उत्तरं गाडीगणिक इतकी वेगळी येतात की सरासरी काढण्यात काही अर्थ नसतो.

फेरारी 250 जीटीओ घ्या. 1962 ते 1964 मध्ये 36 बनल्या आणि 36च्या 36 आजही आहेत असं मानलं जातं. शर्यतीसाठी बनलेल्या गाड्या शंभर टक्के वाचाव्यात हे पहिल्यांदा ऐकताना खोटं वाटतं. त्या ठोकल्या गेल्या, जळाल्या, उलटल्या. पण त्यांची किंमत एवढी चढली की कितीही मोडलेली जीटीओ पुन्हा उभी करणं फायद्याचंच ठरलं. 2018 मध्ये एक जीटीओ लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरना गेली. त्या भावात उरलेला एक दरवाजासुद्धा कुणी भंगारवाल्याला देणार नाही.

मात्र साठच्या दशकाच्या अखेरीस ती फक्त एक जुनी, शर्यतीत मागे पडलेली, कर्कश गाडी होती. त्या 36 पैकी एक टेक्सासमधल्या एका हायस्कूलकडे गेली, मुलांना मेकॅनिकचं काम शिकायला. पुढे ती ओहायोत एका शेतात ट्रेलरवर उघड्यावर वर्षानुवर्षं पडून होती. वाचली ती नशिबानं. गाड्या मरतात त्या म्हातारपणी नव्हे, मध्यमवयात. पहिली दहा वर्षं गाडीला बाजारात भाव असतो, म्हणून दुरुस्ती होते. चाळीस-पन्नास वर्षांनंतर ती ‘क्लासिक’ झाली की पुन्हा भाव येतो. मधल्या काळात क्लच बदलायचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त असतो, आणि मालकाच्या घरात नवीन गाडी आलेली असते. बहुतेक गाड्या याच खिंडीत संपतात. म्हणून आज ज्या मॉडेलचे आकडे स्थिर दिसतात त्यांची कत्तल आधीच होऊन गेलेली असते.

जाता जाता एका लोकप्रिय दाव्याबद्दल. ‘पोर्शेनं आजवर बनवलेल्या गाड्यांपैकी सत्तर टक्के अजून चालतात’ असं काहीतरी तुम्ही वाचलं असेल. आकडा खरा असला तरी त्यावरून जुन्या पोर्शेबद्दल फारसं कळत नाही. कंपनी पूर्वी वर्षाला काही हजार गाड्या बनवायची, हल्ली लाखांत बनवते. एकूण गाड्यांतला मोठा हिस्सा मुळातच अलीकडचा असल्यावर तो चालू असणारच. टक्केवारी ऐकली की कोणत्या वर्षीच्या गाड्यांची, हे आधी विचारावं.

आता ‘गाडी कशाला म्हणायचं’ या भागाकडे येऊ. खरी गंमत तिथे आहे, आणि भांडणंही तिथेच होतात.

बुगाटीची टाइप 57 एससी अटलांटिक 1936 ते 1938 मध्ये फक्त चार बनल्या. त्यातली एक, कंपनीच्या मालकाचा मुलगा जाँ बुगाटी स्वतः वापरायचा ती काळी गाडी, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य येण्याआधी फ्रान्सच्या पूर्व भागातून बोर्दोकडे पाठवली आणि वाटेत कुठेतरी नाहीशी झाली. आजपर्यंत तिचा पत्ता नाही. म्हणजे उरल्या तीन. पण त्या तिनांतली एक 1955 मध्ये रेल्वे फाटकावर आगगाडीखाली सापडली आणि तिचा चक्काचूर झाला. अनेक वर्षांनी उरलेल्या तुकड्यांभोवती ती पुन्हा उभी केली गेली. एखादा काटेकोर माणूस म्हणेल, उरल्या दोन, आणि एक दुरुस्त प्रतिकृती. दुसरा म्हणेल तीन. हरवलेली उद्या कुणाच्या गोठ्यात सापडली तर चार. चारच गाड्यांची मोजदाद, आणि तरी तीन उत्तरं!

जॅग्वारची गोष्ट आणखी वेडीवाकडी. न खपलेल्या डी-टाइप शर्यतीच्या गाड्या रस्त्यावर चालतील अशा करून विकायच्या असं कंपनीनं ठरवलं, नाव दिलं एक्सकेएसएस. 12 फेब्रुवारी 1957 च्या रात्री कॉव्हेंट्रीजवळच्या कारखान्याला आग लागली आणि यातल्या नऊ जळून गेल्या. ग्राहकांच्या हाती पोचल्या 16. पुढे 2016 मध्ये कंपनीनंच जाहीर केलं की त्या जळालेल्या नऊ गाड्या आपण पुन्हा बनवणार, जुन्याच पद्धतीनं, हातानं पत्रा ठोकून. आता एक्सकेएसएस किती? 16 म्हणा, 25 म्हणा, दोन्हीच्या मागे खुद्द कंपनी उभी आहे. हलक्या वजनाच्या ई-टाइपचंही असंच: 1963 मध्ये 18 नंबर राखून ठेवले, 12 बनल्या, आणि उरलेले सहा नंबर पन्नास वर्षांनी वापरून 2014 मध्ये सहा गाड्या तयार केल्या. माझ्या मते या ‘कंटिन्युएशन’ गाड्या सुंदर आहेत, पण ‘उरलेल्या’ या हिशेबात त्यांना जागा नाही. जे जळालं किंवा मुळात बनलंच नाही, ते उरेल कसं?

साध्या गाड्यांनाही हा प्रश्न सुटत नाही. एमजीबीचा खालचा पत्रा गंजतो, हे तिच्या प्रत्येक मालकाला पाठ असतं. 1988 पासून ब्रिटनमध्ये एमजीबीची अख्खी बॉडी नवी कोरी विकत मिळू लागली, जुन्याच साच्यांवर दाबून काढलेली. एखाद्यानं ती घेतली, तिच्यावर जुनं इंजिन, जुनी चाकं, जुनी कागदपत्रं बसवली. गाडी 1967 ची की 1990 ची? ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्यानं यावर चक्क गुण देण्याची पद्धत वापरली: चासी किंवा बॉडीला पाच, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी दोन, इंजिनाला फक्त एक. आठ गुण भरले तर जुना नंबर कायम, नाहीतर ‘क्यू’ अक्षरानं सुरू होणारा नंबर. त्याचा अर्थ, या गाडीचं वय सांगता येत नाही. इंजिनाला एकच गुण, हे आपल्याकडच्या मंडळींना धक्कादायक वाटतं, कारण आपण ‘इंजिन ओरिजिनल आहे’ यावरच भाव ठरवतो. पण इंजिन हा बदलायचाच भाग आहे, असं तिथला हिशेब धरतो.

गोव्यातल्या माणसाला हा पेच खरं तर सहज समजायला हवा. मंगेशी 1560 मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आला. तिथलं आजचं देऊळ त्यानंतर वेगवेगळ्या काळात बांधलं, वाढवलं, रंगवलं गेलं. तरी मंगेशी तोच, कारण ओळख भिंतींत नाही, गाभाऱ्यात आहे. जुन्या गाड्यांच्या नोंदवह्या ठेवणारे नेमकं हेच करतात. चासी नंबर ठोकलेला पोलादाचा मूळ तुकडा ज्याच्याकडे, त्याच्याकडे गाडी. बाकी सगळं बदललं तरी चालतं. अडचण एवढीच, की लोक कधीकधी गाडी दोघांत वाटून घेतात. एकाकडे मूळ चासी, दुसऱ्याकडे मूळ बॉडी आणि इंजिन. दोघंही उरलेले भाग नव्यानं करून घेतात आणि दोघंही सांगतात की आपलीच खरी. काही मॉडेलांच्या बाबतीत ‘शंभर बनल्या, एकशे वीस उरल्या’ हा विनोद यातूनच आलाय.

मग सरकारी नोंदणीवरून मोजावं, तर? ब्रिटनमध्ये बरेच लोक तसंच करतात. तिथल्या नोंदणी खात्याची आकडेवारी खुली आहे: कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या रस्त्यावर आणि किती ‘रस्त्याबाहेर’ म्हणून जाहीर केलेल्या. पण ही ‘रस्त्याबाहेर’ची सक्तीची घोषणा सुरू झाली 31 जानेवारी 1998 ला. त्याआधीच जी गाडी गॅरेजात ताडपत्रीखाली गेली, ती या यादीत नाही. त्याही आधी, 30 नोव्हेंबर 1983 पर्यंत ज्यांनी आपल्या गाडीची नोंद नव्या संगणकावर चढवून घेतली नाही, त्यांच्या गाड्या कागदावरून गेल्या. शिवाय जुन्या नोंदींत मॉडेलचं नाव ज्याच्या त्याच्या मर्जीनं लिहिलेलं, किंवा जागा कोरीच. म्हणून ब्रिटनची यादी जिवंत गाड्या कमी दाखवते. ई-टाइपसारख्या गाडीचा आकडा तर तिथे मधल्या काळात वाढतानाही दिसतो. गाड्या काही जन्माला येत नव्हत्या. बहुतेक ई-टाइप मुळात अमेरिकेला निर्यात झालेल्या होत्या आणि भाव चढल्यावर त्या परत येत होत्या.

आपल्याकडे चूक बरोबर उलट्या दिशेनं होते. मोटार वाहन कायद्याच्या 55व्या कलमाप्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. कोण कळवतं? गाडी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढते, पैसे हातात येतात आणि आरसी बुक घरातल्या लोखंडी कपाटात राहतं. त्यामुळे देशातल्या ‘नोंदणीकृत वाहनां’चा मोठा आकडा हा बऱ्याच अंशी साचत गेलेला आकडा आहे. त्यात कधीच वितळवून झालेल्या गाड्याही बसलेल्या आहेत. ब्रिटनमध्ये जिवंत गाडी कागदावर सापडत नाही, आपल्याकडे मेलेली गाडी कागदावर ठणठणीत असते.

कागद भरवशाचा नसेल तर दुसरा उपाय म्हणजे अंदाज. पण शास्त्रानं केलेला अंदाज. यासाठी गोव्याच्या घरचंच उदाहरण हाताशी आहे: सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेली, गोव्यात बनलेली, दोन माणसांची, फायबरग्लासच्या बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार. आत रेनोचं 1,149 सीसीचं पेट्रोल इंजिन, ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. आज तिला स्पोर्ट्स कार म्हणायला काहींना हसू येईल, पण त्या काळात आपल्या रस्त्यांवर छप्पर काढता येणारी गाडी म्हणजे जीप. स्टॉर्म थोड्याच बनल्या, ज्यांनी घेतल्या त्यांनी हौसेनं घेतल्या.

समजा स्टॉर्म एकूण किती बनल्या याचा अंदाज करायचाय आणि तुमच्याकडे वह्या नाहीत. तुम्ही दिसेल त्या स्टॉर्मचा चासी नंबर टिपता. मानू की पाच गाड्या भेटल्या आणि त्यांतला सर्वांत मोठा क्रमांक निघाला 240. (हे आकडे निव्वळ समजावण्यासाठी घेतलेत.) तर सूत्र असं: सर्वांत मोठा क्रमांक, अधिक तोच क्रमांक भागिले पाहिलेल्या गाड्या, वजा एक. 240 अधिक 48 वजा 1, म्हणजे 287. मागचा विचार सरळ आहे. पाहिलेल्या क्रमांकांमध्ये सरासरी जेवढं अंतर, तेवढंच अंतर सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढेही असावं. हे सूत्र दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांसाठी वापरलं गेलं. ऑगस्ट 1942 मध्ये महिन्याला किती रणगाडे बनले याचा गुप्तहेरांचा अंदाज होता 1,550. क्रमांकांवरून गणित करणाऱ्यांनी सांगितलं 327. युद्धानंतर जर्मन कागद हाती आले तेव्हा खरा आकडा निघाला 342.

पण क्रमांक एकापासून सलग दिलेले असतील तरच हे चालतं. जीटीओच्या काळात फेरारी रस्त्यावरच्या गाड्यांना फक्त विषम क्रमांक द्यायची आणि वेगवेगळी मॉडेलं एकाच मालिकेत घुसवायची. तिथे हे सूत्र लावलंत तर तोंडावर पडाल.

हे झालं बनलेल्यांचं. उरलेल्यांसाठी वाघ मोजणाऱ्यांची युक्ती. जंगलात कॅमेरे लावतात, पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखतात, काही दिवसांनी पुन्हा कॅमेरे लावतात आणि बघतात की दुसऱ्या वेळी आलेल्यांत आधी पाहिलेले किती. गाड्यांचे पट्टे म्हणजे चासी नंबर. पहिल्या मेळाव्यात 12 स्टॉर्म दिसल्या, दुसऱ्यात 10, आणि त्या दहांतल्या सहा आधी पाहिलेल्या. 12 गुणिले 10 भागिले 6, म्हणजे साधारण 20 गाड्या शिल्लक. पुन्हा दिसणारे जास्त तर एकूण कमी, नवे चेहरे जास्त तर एकूण जास्त.

यातली गोम गाडीवेड्यांना लगेच कळेल. मेळाव्याला जाणारा माणूस प्रत्येक मेळाव्याला जातो. ज्याची गाडी म्हापशाच्या एखाद्या वाड्यात घराच्या बाजूला, टायर बसलेले, आत मांजरीनं पिलं घातलेली, अशी पडून आहे, तो एकदाही येत नाही. त्यामुळे हा अंदाज नेहमी कमी निघतो. तो ‘फिरणाऱ्या’ गाड्या मोजतो, ‘उरलेल्या’ नव्हे. पडीक गाड्या मोजायच्या तर मेळाव्यात उभं राहून भागत नाही. गावातला जुना पत्राकामवाला, पेंटर, टायरवाला यांना विचारावं लागतं. कुठल्या गाडीचं काय झालं, हे त्यांना बहुधा मालकापेक्षा जास्त आठवतं.

आपल्या हवेत पडीक गाडी फार काळ ‘उरलेली’ राहत नाही, हेही खरं. तीनेक हजार मिलिमीटर पाऊस आणि समुद्राची खारी हवा. स्टॉर्मची बॉडी फायबरग्लासची असल्यानं ती गंजत नाही, पण तेच फसवं आहे. वरून गाडी ठीक दिसते आणि खालचा पोलादी सांगाडा आतून पोखरत जातो. उत्तर आयर्लंडमध्ये 1981-82 मध्ये बनलेल्या डेलोरियन या स्पोर्ट्स कारचंही असंच होतं. तिचे वरचे पत्रे स्टेनलेस स्टीलचे, चाळीस वर्षांनंतरही लखलखीत, पण खालची चौकट साध्या पोलादाची, वर एपॉक्सीचा लेप. लेपाला चीर गेली की पाणी आत अडकतं. डेलोरियन सुमारे नऊ हजार बनल्या आणि त्यातल्या बऱ्याच वाचल्या, कारण तिला चाहते लवकर मिळाले आणि सुट्या भागांचा मोठा साठा शाबूत राहिला. स्टॉर्मला तो आधार नव्हता. ती आली तेव्हा रेनोच्या गाड्याच भारतात विकल्या जात नव्हत्या. सेन्सर गेला की मालक हताश.

आता कायद्याकडे. 2021 पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी देशभर ‘विंटेज’ नोंदणी आहे. नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, म्हणजे गोव्यात ‘जीए व्हीए’. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर नूतनीकरणाला 5,000. रोजच्या वापराला परवानगी नाही. फक्त प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, तांत्रिक अभ्यास एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. आणि अट अशी, की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ब्रिटनच्या गुणपद्धतीपेक्षा हे कडक आहे, आणि इंजिनाला इथे कायद्यातही मान आहे. जुन्या गाड्यांची जरा नीट मोजदाद पहिल्यांदाच या मालिकेतून होऊ शकेल, कारण त्यात नाव घालायला गाडी खरोखर दाखवावी लागते.

स्टॉर्मला मात्र त्यासाठी 2050 च्या आसपासपर्यंत तग धरावा लागेल. तोवर तिचा हिशेब साध्या गाडीसारखाच: पंधरा वर्षांनी नोंदणी संपते, मग दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. म्हणजे वर सांगितलेल्या खिंडीत ती आत्ता आहे. कुणाच्या घरी असेल तर नूतनीकरण चुकवू नका, आणि विकताना चासी नंबराचा ठसा पेन्सिलनं कागदावर घासून घेऊन जपून ठेवा. गाडी गेली असेल, भंगारात दिली असेल, तरी आरटीओत कळवा. तेवढ्यानं निदान मोजणाऱ्याच्या यादीतून एक खोटी गाडी कमी होईल.